पोलादी इमारतीचे सांधे आणि स्फोटाचा धक्का

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाटात, लिटमसच्या डब्या आणि काचेची चंचुपात्रे यांच्या शेजारी, गेल्या पावसाळ्यापासून एक गंजलेली लोखंडी पट्टी ठेवलेली आहे. सहा मिलिमीटर जाडीची ही पट्टी वीतभरही लांब नाही. तिच्या एका टोकाला वेल्डिंगची खवल्याखवल्यांची जाड रेघ आहे आणि त्या रेघेला खांबाचा एक तुकडा अजून घट्ट चिकटून आहे. दुसऱ्या टोकाला बोल्टचे भोक होते. होते असे म्हणावयाचे कारण, भोकापासून कडेपर्यंतचे लोखंड फाटून बाहेर आले आहे आणि भोकाला आता घोड्याच्या नालेचा आकार आला आहे. त्या भोकातला बोल्ट मात्र वेगळा बांधून ठेवलेला असून त्याला साधा ओरखडादेखील नाही.

ही पट्टी नववीतल्या एका विद्यार्थ्याने आणली. त्याचे वडील वेल्डिंगची कामे करतात. कडोदऱ्याच्या आसपास कापड रंगविण्याचे व छापण्याचे किती कारखाने आहेत आणि धुळे, जळगाव, नंदुरबारकडून आलेली किती कुटुंबे त्यांच्यावर पोट भरतात, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. अशाच एका कारखान्यात सुट्टीच्या दिवशी एक पिंप फुटले. सुदैवाने तेथे माणूस नव्हते. परंतु शेजारच्या शेडची एक बाजू कलंडली. "वेल्डिंग सुटले," असे ठेकेदाराने सांगितले आणि वेल्डरची चार दिवसांची मजुरी कापली. भंगारात निघालेली ही पट्टी मुलाने दप्तरात घालून शाळेत आणली व विचारले, "सर, सुटले ते वडिलांचे वेल्डिंगच का, हे सांगता येईल का?"

आम्ही पडलो मराठी आणि इतिहास शिकविणारे, कलाशाखेचे पदवीधर. तुळईचे गणित आमच्या वाट्याला कधी आले नव्हते. पण प्रश्न खरा होता, आणि खऱ्या प्रश्नाला "हा आमचा विषय नव्हे" असे उत्तर शिक्षकाने देऊ नये असे आम्हांस वाटते. विज्ञानाच्या सहकाऱ्यांची मदत घेतली, पुस्तके चाळली, जाणत्यांना विचारले. त्यातून जे उमगले ते विद्यार्थिमित्रांसमोर व त्यांच्या पालकांसमोर ठेवीत आहोत.

प्रथम सांधा म्हणजे काय ते पाहू. पोलादी इमारत एकसंध ओतलेली नसते. तिचे खांब, तुळया, कैच्या, आडव्या-तिरप्या पट्ट्या हे सारे सुटे अवयव ट्रकमधून येतात आणि जागेवर जोडले जातात. तुळईचे पोलाद मोठ्या कारखान्यात लाटलेले व तपासलेले असते. सांधा मात्र पुष्कळदा उन्हात, उंचावर, एका हाताने आधार धरून माणसाने केलेला असतो. तुळईच्या मधल्या भागात जे बळ सहा मीटर लांबीत पसरलेले असते, ते टोकाशी येऊन वीतभर जागेतल्या चारसहा बोल्टांतून खांबात उतरते. नदीचे सारे पाणी पुलाच्या एका कमानीखालून जावे तसा हा प्रकार आहे. म्हणून पोलादी इमारत पडते तेव्हा तुळई सहसा मधोमध तुटलेली आढळत नाही. ती टोकाशी सुटलेली आढळते.

आमची मायबोली कोंकणी आणि बालपण गोव्याच्या किनाऱ्यावरचे. म्हणून सांधा म्हटले की आमच्या डोळ्यांपुढे प्रथम रापणीची होडी उभी राहते. या मोठ्या होड्यांच्या फळ्या पूर्वापार काथ्याच्या दोरीने शिवीत असत. लहानपणी आम्हांस वाटे, खिळे परवडत नाहीत म्हणून हे चालले आहे. पण वाळूवर आपटणाऱ्या लाटेतून होडी ओढून घेताना प्रत्येक आपटीला फळ्या एकमेकींवर किंचित सरकतात, शिवण ताणली जाते आणि पुन्हा जागेवर येते. खिळ्यांनी आवळलेली फळी अशा वेळी खिळ्याजवळ चिरते. सांधा घट्ट असणे आणि सांधा टिकणे या दोन गोष्टी एक नव्हेत, ही गोष्ट त्या शिवणाऱ्यांना ठाऊक होती. स्फोटाच्या धक्क्याचा विचार करताना ही होडी आम्हांस वारंवार आठवली.

आता स्फोटाकडे वळू. स्फोटात अत्यल्प वेळात पुष्कळ तप्त वायू निर्माण होतो. तो भोवतालच्या हवेला ढकलतो आणि दाबलेल्या हवेची एक भिंतच आवाजापेक्षा अधिक वेगाने बाहेर धावत सुटते. ही धक्कालहर एखाद्या इमारतीवर आदळते तेव्हा तेथील दाब एकदम चढतो, क्षणात उतरतो आणि उतरता उतरता नेहमीच्या हवेच्या दाबाच्याही खाली जातो. म्हणजे प्रथम ढकलणे आणि मागोमाग ओढणे. लहान स्फोटात हे ढकलणे सेकंदाच्या काही हजारांश भागातच आटोपते; तेवढ्यात डोळ्याची पापणीही लवून होत नाही.

दाब किती? समजा, दर चौरस सेंटिमीटरला अवघा ०.१ किलोग्रॅम एवढाच जादा दाब आला. आकडा क्षुल्लक दिसतो. पण ६ मीटर लांब व ४ मीटर उंच भिंतीचे क्षेत्रफळ २४ चौरस मीटर, म्हणजे २,४०,००० चौरस सेंटिमीटर भरते. गुणाकार करून पाहा: २४,००० किलोग्रॅम, अर्थात २४ टन. जोराच्या वादळाचा दाब दर चौरस मीटरला १५० किलोग्रॅम धरला तर त्याच भिंतीवर ३.६ टन येतात. शिवाय लहर भिंतीवर आपटून परतते तेव्हा दाब दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होतो. तेव्हा आमचे २४ टन हे कमीत कमी समजावेत.

अंतराचा हिशेब तर फारच मनोरंजक आहे. बर्ट्रम हॉपकिन्सन या इंग्रज शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या काळात दाखवून दिले, की स्फोटकाचे वजन आठपट केले तर तोच दाब दुप्पट अंतरावर जाणवतो. आठ हा दोनाचा घन. म्हणजे अंतर वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढते. आणि धक्क्याचा काळही त्याच प्रमाणात लांबतो. एक किलो स्फोटकाचा दाब दहा मीटरवर साधारणपणे वर सांगितल्याइतकाच, दर चौरस सेंटिमीटरला ०.१ किलोग्रॅमच्या आसपास येतो. हे लक्षात ठेवून मुंबईस जाऊ.

दिनांक १४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' नावाची बोट उभी होती. इंग्लंडमधील बर्कनहेडहून निघून कराचीमार्गे ती दोनच दिवसांपूर्वी मुंबईस आली होती. तिच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके व दारूगोळा होता. आणि कराचीस चढविलेल्या कापसाच्या हजारो गाठी त्याच बोटीत होत्या. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. आगीचे बंब धावले, पाण्याचा मारा सुरू झाला. बोटीच्या बाजूचा पत्रा एका ठिकाणी इतका तापला की त्यावरील रंगाला फोड आले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला आणि त्यानंतर अर्ध्या तासाच्या आतबाहेर दुसरा. सिमल्याच्या भूकंपमापक यंत्रावर त्याची नोंद झाली. 'जलपद्म' नावाची सुमारे ४,००० टनांची बोट पाण्यातून उचलली जाऊन धक्क्यावर चढली. गोदीलगतच्या शेडी आणि गोदामे कोलमडली, पेटलेला कापूस वस्तीवर पडून आगी लागल्या आणि शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत अग्निशामक दलाचे ६६ जवान होते. दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. बोटीत सोन्याच्या विटाही होत्या आणि त्यांतली एक जवळजवळ मैलभर दूर जाऊन पडली, ही गोष्ट घरोघरी सांगितली जाते. सहासष्ट जवानांची तितकी सांगितली जात नाही, याचे आम्हांस वाईट वाटते.

आता हिशेब करा. १,४०० टन म्हणजे १४ लाख किलोग्रॅम. त्याचे घनमूळ सुमारे ११२. एक किलो स्फोटक दहा मीटरवर जेवढा दाब देते, तेवढा दाब हा साठा दहाच्या ११२ पट, म्हणजे ११०० मीटरांहून थोड्या अधिक अंतरावर देईल. स्फोट दोन झाले असल्याने हा हिशेब ढोबळ आहे, खरे अंतर काहीसे कमी भरेल. पण गोदीपासून किलोमीटरभर दूर असलेल्या भिंतीवर वीस-पंचवीस टन चाल करून आले असतील याची कल्पना त्यावरून येते. शिवाय तेथे धक्का हजारांश सेकंदाचा उरत नाही. तोही ११२ पटींनी लांबतो आणि जवळजवळ अर्धा सेकंद रेटीत राहतो. लहान स्फोटाचा धक्का जड तुळई हलू लागण्यापूर्वीच संपतो. जडत्व तिचे रक्षण करते. मोठ्या स्फोटाचा रेटा तिला हलण्यास पुरेसा अवधी देतो.

ही झाली बाहेरची बाजू. सांध्याला या वेळी काय काय सोसावे लागते, हे आता पाहू. येथे आमच्या समजुतीला एकामागून एक धक्के बसले.

पहिली गोष्ट अगदी उलटी वाटेल अशी आहे. पोलाद हळूहळू ताणले तर एका ठराविक बळाला ते हार खाते आणि वाहू लागल्यासारखे लांबते. आपल्याकडील साध्या इमारती पोलादासाठी हा आकडा दर चौरस मिलिमीटरला २५० न्यूटन धरतात. परंतु तेच पोलाद झटक्याने ताणले तर ते हार खाण्यास तयार नसते. साधे पोलाद अशा वेळी सुमारे एक चतुर्थांशाने अधिक बळकट वागते. ऐकून बरे वाटते ना? पण तुळई अधिक बळकट झाली म्हणजे ती वाकण्यापूर्वी अधिक बळ आपल्या टोकांकडे पाठविते. ज्याने सांधा कागदावरच्या २५० च्या आकड्याला बेतून केला असेल, त्याच्या सांध्यावर प्रत्यक्षात ३०० हून अधिक आकड्याचा भार येतो. तुळईचे सामर्थ्य हेच सांध्याचे संकट होते. म्हणून जाणते अभियंते तुळई कागदावर किती बळकट आहे हे न पाहता ती जास्तीत जास्त किती बळकट असू शकेल ते पाहतात आणि सांधा त्याच्याही वर ठेवतात.

दुसरी गोष्ट उलट हेलकाव्याची. आत दाबली गेलेली तुळई धनुष्यासारखी परत उसळते; त्याच सुमारास हवेची ओढही बाहेरच्या दिशेने असते. आता कित्येक सांधे एकाच दिशेचा विचार करून केलेले असतात. तुळई खांबाच्या बाहेर काढलेल्या टेकूवर ठेवली, दोन बोल्ट नुसते जागेवर राहण्यासाठी लावले, आणि तिचे वजन तिला खाली धरून ठेवील असे मानले. वजन खाली धरते खरे; पण खालून वर रेटा आला तर? न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या तळघरात २६ फेब्रुवारी १९९३ रोजी स्फोट घडविण्यात आला तेव्हा असेच झाले. सहा माणसे दगावली. तळघरातले कित्येक मजल्यांचे छत फुटून गेले, पण भक्कम पोलादी खांब उभे राहिले. तथापि खांब उभे राहिले एवढ्याने अभियंत्यांची झोप आली नाही. मजल्याची फरशी खांबाला नुसता भार देत नाही, ती त्याला दोन्ही बाजूंनी धरूनही ठेवते. लांब पातळ काठी टोकांवर दाबली तर मध्येच बाक घेऊन मोडते. तीच काठी मध्ये दोन ठिकाणी धरली तर पुष्कळ अधिक दाब सोसते. मधले मजले गेल्यामुळे ते खांब अशा न धरलेल्या काठीसारखे झाले होते आणि त्यांना तात्पुरते आडवे आधार जोडावे लागले.

तिसरी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. ती दोरीच्या उदाहरणाने समजेल. स्फोटात मधला एखादा खांब नाहीसा झाला तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या तुळया मिळून एक लांब झोळी होते. तिच्या मध्यावर वरच्या मजल्याचा भार लोंबतो. कपडे वाळत घालण्याच्या दोरीवर मधोमध ओले धोतर टाका. दोरी जितकी ताठ बांधलेली असेल तितका खुंट्यांवर ताण अधिक, आणि जितकी ती खाली झोळ घेईल तितका ताण कमी. मध्यावर १० टन भार आहे आणि प्रत्येक बाजूची तुळई ६ मीटर लांब आहे असे समजा. झोळ ६० सेंटिमीटर पडला तर प्रत्येक सांध्यावर सुमारे ५० टनांची ओढ येते. झोळ १२० सेंटिमीटर पडू दिला तर तीच ओढ सुमारे २५ टनांवर येते. दहावीच्या विद्यार्थ्यांनी त्रिकोणमितीने हे ताडून पाहावे. भार तोच, तुळई तीच. सांध्याने थोडे अधिक वळू दिले म्हणून ओढ निम्मी झाली. जो सांधा वळण्यास राजी नाही त्याला पन्नास टन सोसावे लागतात, आणि जो न तुटता वळतो त्याचे पंचवीसांत भागते. रापणीची होडी आठवली ती येथेच.

विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही धातूंची तन्यता पाठ करता. तार काढता येणे हा तिचा अर्थ तेथे दिलेला असतो. तुटण्यापूर्वी लांबण्याची ही तयारीच स्फोटात माणसे वाचविते. नुसते बळ पाहिले तर फसगत होते. बोल्टच्या डोक्यावर ४.६, ८.८, १०.९ असे आकडे उठविलेले असतात. ते पुष्कळांनी पाहिले असतील, वाचले थोड्यांनी असतील. पहिल्या आकड्याची शंभरपट म्हणजे तो बोल्ट दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटनला तुटेल. ४.६ चा बोल्ट ४०० ला तुटतो, ८.८ चा ८०० ला. पण ४.६ चा बोल्ट तुटण्यापूर्वी शेकडा २२ पर्यंत लांबतो, ८.८ चा १२ आणि १०.९ चा अवघा ९. बळ वाढते तशी लांबण्याची तयारी घटते. म्हणून चांगल्या रचनेत बोल्ट बळकट ठेवून लांबण्याचे काम शक्यतो भोवतालच्या पट्टीकडे सोपवितात. भोकाशी पट्टी चेपत, भोक लांबट होत, धक्क्याची ऊर्जा पोलादात मुरते आणि इमारत उभी राहते.

वेल्डिंगची कथा याहून नाजूक आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिज येथे १७ जानेवारी १९९४ रोजी भूकंप झाला. तेथील पोलादी चौकटीच्या इमारती वरवर सुखरूप दिसत होत्या. पुढे खांबांवरची अग्निरोधक लेपने काढून पाहिली तेव्हा तुळई आणि खांब यांच्या वेल्ड केलेल्या सांध्यांत ठिकठिकाणी भेगा आढळल्या. ज्या सांध्यांनी वळावे म्हणून योजना केली होती ते वळण्याऐवजी काचेसारखे तडकले होते. वेल्डचा धातू बळकट पण ठिसूळ होता; आणि वेल्ड करताना खाली लावलेली आधारपट्टी तशीच राहिल्याने तिच्याशी एक बारीक फट राहत होती. कापडाला कात्रीने बोटभर चीर दिली की पुढे ते हाताने टरकन फाटते. त्या फटीने पोलादात तेच केले. वर्षानंतर त्याच तारखेला, १७ जानेवारी १९९५ रोजी, जपानमध्ये कोबेच्या भूकंपातही पोलादी सांधे असेच तडकले. भूकंप आणि स्फोट एक नव्हेत, पण झटक्याने येणाऱ्या बळापुढे ठिसूळ वेल्डची गत दोहोंत सारखीच. त्यानंतर जी सुधारणा झाली तिच्यातील एक युक्ती आम्हांस फार आवडली. तुळईची पट्टी सांध्यापासून थोड्या अंतरावर दोन्ही बाजूंनी मुद्दाम कोरून अरुंद करतात. वाकायचे तर येथे वाक, सांध्याला हात लावू नको, अशी जणू तिला ताकीद देतात!

पोलादाला सोडून क्षणभर सिमेंटच्या एका इमारतीकडे गेले पाहिजे, कारण सांध्याची कथा तिच्यावाचून पुरी होत नाही. लंडनमधील रोनान पॉइंट ही २२ मजली इमारत तयार ओतलेल्या भिंती आणि फरश्या एकमेकींवर रचून उभी केलेली होती. तिच्यात माणसे राहावयास येऊन दोनच महिने झाले होते. १६ मे १९६८ च्या पहाटे अठराव्या मजल्यावरील एका बाईने चहासाठी काडी ओढली. गॅस गळत होता. स्फोट काही फार मोठा नव्हता. त्या बाई स्वतः वाचल्या. पण कोपऱ्याची भिंत बाहेर ढकलली गेली, वरचे मजले निराधार होऊन कोसळले, त्यांच्या भाराने खालचेही गेले आणि इमारतीचा सबंध कोपरा तळापर्यंत उतरला. चार माणसे गेली. भिंत फुटली नव्हती, फरशी मोडली नव्हती. दोहोंना बांधून ठेवणारे काही नव्हते. तेव्हापासून इमारतीचे अवयव एकमेकांत आडवे-उभे बांधले गेलेच पाहिजेत, एक अवयव गेला तरी शेजाऱ्यांनी त्याचा भार झेलला पाहिजे, असा दंडक ब्रिटनने घातला व पुढे इतरांनीही तो विचार उचलला. योगायोग असा, की स्फोटांचा धक्का सोसणाऱ्या इमारतींच्या रचनेविषयी भारताचे मानक, क्रमांक ४९९१, याच १९६८ सालचे आहे.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, प्रत्येक सांधा शक्य तितका बळकट करा म्हणजे झाले. तसे नाही, काही सांधे मुद्दाम कमजोर ठेवावे लागतात. घरातला कुकर पाहा. शिटी तुंबली तर फुटण्यापूर्वी त्याची सुरक्षा-झडप वितळून वाफेला वाट देते. जेथे आतून स्फोटाची भीती असते अशा कारखान्यांतही हेच तत्त्व योजतात: छताचा किंवा भिंतीचा काही भाग हलका आणि हलके धरलेला ठेवतात, म्हणजे तो प्रथम उडतो, दाबाला वाट मिळते आणि खांब-तुळयांची चौकट वाचते. पत्र्याचे सांधे सुटावेत, चौकटीचे सुटू नयेत. हा क्रम उलटा झाला, म्हणजे पत्रे चौकटीला घट्ट आणि चौकट स्वतःशी सैल, तर पत्रा सगळा दाब झेलून चौकटीच्या अंगावर घालतो.

या गोष्टी आम्हां कडोदऱ्याच्या लोकांस दूरच्या नाहीत. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतला २६ मे २०१६ चा स्फोट आमच्यापैकी कित्येकांच्या नातेवाइकांनी कानांनी ऐकला. हजिरा येथे २४ सप्टेंबर २०२० च्या पहाटे वायूच्या कारखान्यात स्फोट झाले तेव्हा सुरतेत कित्येक किलोमीटरवरच्या घरांच्या खिडक्या हादरल्या. ज्या शेडीखाली आई-वडील बारा-बारा तास काढतात तिचे सांधे कोणी आणि कसे केले, हा प्रश्न त्यांच्या मुलांनी विचारला तर त्यात आगाऊपणा नाही.

आता पट्टीकडे येऊ. मुलांनी फाटलेले ओठ मूळ जागी असावेत तसे आलेखाच्या कागदावर रेखाटले. बोल्ट १६ मिलिमीटरचा, भोक १८ चे. भारतीय मानक ८०० च्या २००७ च्या आवृत्तीत असा नियम आहे, की हाताने गॅसने कापलेली कड असेल तर भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर भोकाच्या व्यासाच्या १.७ पटीहून कमी नसावे. यंत्राने सफाईने कापलेली असेल तर १.५ पट चालते. आमच्या पट्टीची कड हाताने कापलेली, दातेरी. १८ गुणिले १.७ म्हणजे ३०.६, अर्थात ३१ मिलिमीटर. मुलांनी तीन वेळा मोजले. अंतर १७ भरले.

त्याच मानकातील सूत्राप्रमाणे अशा ठिकाणी पट्टीची बोल्ट अडविण्याची ताकद या अंतराच्या प्रमाणात असते. ३१ च्या जागी १७ म्हणजे ताकद निम्म्याहून जरा अधिक. पिंप फुटले, पत्र्यांनी धक्का घेतला, तिरप्या पट्टीला हिसका बसला आणि बोल्ट कड फाडून निघून गेला. वेल्डिंगच्या रेघेवरून विज्ञानाच्या सहकाऱ्यांनी भिंग फिरविले. तीत कोठेही भेग नाही. खांबाचा तुकडा हातोडीने ठोकूनही निघत नाही.

मुलाने तो आलेखाचा कागद घरी नेला. दुसऱ्या रविवारी त्याचे वडील शाळेत आले. कपाटातली पट्टी त्यांनी हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली, वेल्डिंगवरून अंगठा फिरविला. आम्हांस वाटले, भोक पाडणाऱ्याविषयी ते आता काही कडू बोलतील. ते एवढेच म्हणाले, "त्याला पट्टीच आखूड मिळाली होती, सर. उरलेल्या तुकड्यांतून कापलेली. तो तरी भोक कुठं पाडणार?" कापलेली मजुरी त्यांना मिळाली नाही. शेड पुन्हा उभी राहिली आहे आणि नव्या पट्ट्यांचे वेल्डिंगही त्यांनीच केले. काम सुरू करण्यापूर्वी मुलाच्या कंपासपेटीतली मोजपट्टी त्यांनी खिशात घालून नेली होती, असे मुलाने आम्हांस सांगितले. दोन पट्ट्या त्यांनी परत पाठविल्या. उरलेल्यांचे अंतर तेहतीस भरले.